खापरातला आवाज

अकोल्याच्या जुन्या शहरात सुंदराबाईला तोंडावर काही सुनावणारं माणूस अजून जन्माला यायचं होतं. आणि समजा जन्माला आलंच असतं, तर त्याच्या मायबापाच्या लग्नातले मांडे सुंदराबाईनंच केलेले निघाले असते. म्हणजे तेही पुढे गप्पच बसलं असतं.

मांडा म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही त्याच्याशी सुंदराबाई सहसा बोलत नसे. पण वाचणाऱ्यांत कोणी पुण्याबिण्याकडचं असलं तर सांगून टाकलेलं बरं. पुरण भरलेला सैल कणकेचा गोळा घ्यायचा, दोन्ही हातांवर फिरवत फिरवत आधी रुमालाएवढा, मग उपरण्याएवढा करायचा, आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर एका झोकात पांघरायचा. फाटला की गेला. जळला की गेला. यात पोळपाट नाही, लाटणं नाही, आणि दुसऱ्यांदा संधी नाही.

लग्नसराई लागली की सुंदराबाई आपल्या बाया घेऊन निघायची. रांगेत मधलं खापर तिचं. उजवीकडचं जाईबाईचं. मागे गंगूबाई पुरण वाटत बसायची, आणि बाकीच्या कणीक तिंबायला, जाळ घालायला. या रांगेत कोणी कोणाची जागा घ्यायची नाही असा रिवाज होता. कलेक्टर बदलत, मधलं खापर बदलत नसे.

सुंदराबाई शाळेत गेली होती, दुसरीपर्यंत. तिसरीत काय शिकवतात ते पाहण्याची आपल्याला गरज वाटली नाही, असं ती सांगे. मुलगा देवमन कामाला बाहेरगावी असायचा, आणि घरात होता तो नवरा, पुंजाजी. कापसाच्या जिनिंगमधलं काम सुटल्यापासून घरीच असायचा. स्वभावानं इतका गरीब की एवढ्या संसारात त्यानं केलेलं सर्वांत लांब भाषण म्हणजे "मीठ दे."

तर अशा या सुखाच्या राज्यात एक दिवस सायकलवरून लीलाबाई आली.

महाराष्ट्र तेव्हा नवा नवा झाला होता, आणि नव्या राज्यात प्रत्येकाचं मंडळ असलंच पाहिजे असं वर कोणीतरी ठरवलं होतं. लीलाबाई समाजशिक्षणाच्या खात्यातली. माणूस चांगलं, पण पुण्याचं. तिनं मांडेवाल्या बायांचं मंडळ काढलं. अध्यक्षीण कोण, असं विचारल्यावर बायांनी सुंदराबाईकडे पाहिलं, आणि सुंदराबाईनं लीलाबाईकडे असं पाहिलं की ती निवडणूक तिथंच संपली.

पहिली सभा सुंदराबाईच्याच घरी भरली.

"भगिनींनो," लीलाबाई म्हणाली, "संस्था वाढायची तर एकमेकींच्या कामावर मोकळेपणानं टीका व्हायला हवी. कुणाला काही सांगायचंय?"

सगळ्यांनी पदर सारखे केले.

"कुणाचीच काही तक्रार नाही?"

"तक्रार कायची?" सुंदराबाई म्हणाली. "मी हाय न इथी."

लीलाबाईनं चष्म्यातून तिच्याकडे पाहिलं आणि तिला सगळं समजलं. शिकलेल्या बायांना समजतं लवकर, पण गप्प बसणं जमत नाही. ती म्हणाली, मग नाव न सांगता बोला. चिठ्ठी लिहून डब्यात टाका. पण लिहिणार कोण? लिहिता येणारी बाई एकच, आणि तिच्याविरुद्धची चिठ्ठी तिच्याकडूनच लिहून घ्यावी लागली असती. बरं, पडद्याआडून बोला म्हणावं, तर जाईबाई मोर्णा नदीच्या अलीकडून खाकरली तरी पलीकडच्या बाजारात तिचा आवाज ओळखायचे.

तेव्हा गंगूबाईला अक्कल सुचली. "खापर तोंडापुढं धरून बोललं तं? आवाज घुमते. माहा नवरा एकडाव तसा बोलला होता तं मले वाटलं सासरे परत आले."

सासरे वारलेले होते.

ओसरी आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या दारावर सुंदराबाईचं जुनं लुगडं बांधलं. ते आखूड पडलं, खालून हातभर जागा उघडी राहिली. मग बायांनी पायावर नेसण ओढून घ्यायचं ठरलं. निम्म्या बायांनी आत जायचं, निम्म्यांनी बाहेर बसायचं, मग अदलाबदल. म्हणजे बोलली कोण ते बाहेरच्यांना कळणार नाही. सुंदराबाई अध्यक्षीण, ती आत कशी जाईल? तिचा पाट पडद्याच्या अगदी समोर मांडला. मानाची जागा.

"फक्त एक लक्षात ठेवा," लीलाबाई वही उघडत म्हणाली. "सभ्य शब्दांत बोलायचं. म्हणजे बघा, 'तुमचा मांडा कच्चा असतो' असं न म्हणता, 'मांडा अजून थोडा भाजला तर बरं होईल' असं म्हणायचं."

"मंग असं म्हनून थो भाजला जाईन काय?" जाईबाईनं विचारलं.

खापर घुमू लागलं. आणि काय सांगावं! ज्या बाया एरवी एकमेकींना "वो बाई, जी बाई" म्हणायच्या, नाव कळणार नाही म्हटल्याबरोबर त्यांच्या तोंडाला असं पाणी सुटलं की विचारू नका.

"गंगूबाईचं पुरन म्हंजे भितीले लिपाची माती!"

"जाईबाईचा मांडा पांघरून तिचा नवरा हिवाळा काढते!"

"गंगूबाई वेलदोडे चोरते!"

"सभ्य शब्दांत! सभ्य शब्दांत!" लीलाबाई ओरडली.

खापर जरा थांबलं. मग म्हणालं, "गंगूबाईसाहेब वेलदोडे चोरतात."

सुंदराबाई मांडीवर थाप मारून हसत होती. "बोला, बोला! खापर खोटं बोलत नाही!" ती म्हणाली. हे वाक्य तिनं बोलायला नको होतं. कारण लगेच खापरातून एक आवाज आला. हळू. शिवी नाही, टोमणा नाही, आणि लीलाबाईच्या नियमात अगदी बसणारा.

"सुंदराबाईले आताशा बरोबर दिसत नाही. मांडा जयते, तरी समजत नाही. तिनं डोये दाखवाले पायजे."

बाहेरच्या बायांनी एकदा पडद्याच्या खाली पाहिलं, एकदा सुंदराबाईकडे पाहिलं, आणि पदराचे बोळे तोंडात कोंबून माना खाली घातल्या. लाजल्या असतील, असं सुंदराबाईला वाटलं. लीलाबाईचं डोकं वहीत होतं, ती लिहीत होती: डोळे दाखवणे.

"कोन हाय थे?" सुंदराबाई पाटावरून उठली.

"नाव विचारायचं नाही, तोच तर नियम आहे," लीलाबाईनं तिचा हात धरला.

"नियम ठेवा तुमच्या पुन्यात!" हात सोडवून तिनं पडदा ओढला. आत चार बाया भिंतीला टेकून उभ्या, खापर चुलीजवळ पालथं, आणि मागचं दार वाऱ्यानं हलत होतं. चौघींपैकी एकीनंही तोंड उघडलं नाही. मंडळाची पहिली सभा, खेळीमेळीच्या वातावरणात, संपली. लीलाबाईनं तसं लिहिलं.

आता खरं काय ते. सुंदराबाईला दिसत नव्हतं, हे सुंदराबाईला माहीत होतं. सुईत दोरा आताशा शेजारच्या सुनेकडून ओवून घ्यायला लागायचा, आणि "माह्या हाताले कनीक लागली हाय" हे कारण कणीक नसतानाही सांगावं लागायचं. मांडा खापरावर पडला की त्यावर फोड येतात, ते फोड सोनेरी झाले की उचलायचा. तिला फोड दिसत नव्हते, ती वासावर उचलत होती. तिची माय उतारवयात आंधळी झाली होती. भिंतीवर हात ठेवून न्हाणीपर्यंत जायची, आणि सुना तिच्यासमोर तिच्याबद्दल बोलायच्या, जणू ती घरात नाहीच. सुंदराबाईला मरणाची भीती नव्हती. आपल्यासमोर कोणी आपल्याबद्दल असं बोलेल, याची होती.

आणि नेमकं तेच झालं होतं, तिच्याच ओसरीत, तिच्याच लुगड्याआडून.

शिवाय महिनाभरात अमरावतीला खुशालराव पाटलांच्या मुलीचं लग्न होतं. असं लग्न सालात एकदाच येतं. तिथं मधल्या खापरावरून उठावं लागलं, तर पुन्हा कुठंच बसता आलं नसतं.

तेव्हा बोलणारी कोण हे शोधायचं तिनं ठरवलं. आणि शोधायची रीतही तिनंच काढली, कारण दुसऱ्याच्या रीतीवर तिचा भरवसा नव्हता. तिनं खापर काखेत मारलं आणि थेट गंगूबाईचं दार गाठलं.

"बोल याच्यात."

"काय बोलू वो?"

"'सुंदराबाईले दिसत नाही' म्हन."

"अवो, मी कशी म्हनू? तुमी एवढ्या मोठ्या..."

"म्हनतं का नाई!"

गंगूबाईनं खापरात तोंड घातलं आणि म्हटलं. नीट आलं नाही म्हणून सुंदराबाईनं दोनदा म्हणवून घेतलं. आवाज जुळला नाही. मग ती पुढच्या दारी गेली, मग त्याच्या पुढच्या. खापर काखेत मारून ती अख्खं जुनं शहर फिरली. प्रत्येक ओसरीतून घुमणारा एकच आवाज: सुंदराबाईले दिसत नाही! मांडा जयते! भाजीवाल्यांनी ऐकलं, न्हाव्यानं ऐकलं. ज्यांना सुंदराबाई माहीत नव्हती त्यांनाही आता तिचे डोळे माहीत झाले. एका ओसरीत बोललेली गोष्ट साऱ्या शहराला सांगायला एरवी दवंडी पिटावी लागली असती. सुंदराबाईनं ते काम स्वतः केलं, आणि फुकट.

जाईबाईनं तर खापर हातात घ्यायलाच नकार दिला. "मले बोलाचं असन तं मी तोंडावर बोलीन. मडक्यात तोंड घालाले मी काय मांजर हाय?"

"मंग तूच बोलली!"

"जा वो, बोलली तं बोलली!" जाईबाई म्हणाली, आणि दार लावून घेतलं. त्या दिवसापासून उजवीकडचं खापर रिकामं झालं. तिच्या पाठोपाठ आणखी दोघी रुसल्या. गंगूबाई यायची, पण वेलदोड्यांच्या डब्याला हात लावायची नाही, आणि पुरण बेचव व्हायचं.

मग सल्ले सुरू झाले. समोरचे नत्थुजी रोज सकाळी कडुलिंबाची काडी चावत येत.

"सुंदराबाई, डोयात मध घाला. माह्या मावशीले घातला होता."

"बरं वाटलं तिले?"

"थे नाई माहीत. पन मुंग्या लय लागल्या."

कोणी त्रिफळा सांगितला, कोणी गाईचं तूप. कोणी म्हणालं, शनिवारी उलट्या दिशेनं दळा. सुंदराबाईनं सगळ्यांना हाकलून लावलं, आणि दुपारी दार लावून पांढऱ्या कांद्याचा रस डोळ्यांत घातला. त्यानं डोळे असे वाहायला लागले की दोन दिवस थांबेनात. गल्लीत बातमी झाली की सुंदराबाई पस्तावली, घरात बसून रडते. जिनं सासू गेली तेव्हा डोळ्याला पदर लावला नव्हता, तिच्यावर ही वेळ! कांद्याचं सांगावं तर डोळे दुखतात असं कबूल होतं, न सांगावं तर रडते असं होतं. तिनं दोन्ही चालू दिलं नाही. दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला वाहत्या डोळ्यांनी शिव्या दिल्या.

तशात अमरावतीहून तिचा भाचा शेषराव आला. तो तिथल्या एका दवाखान्यात कारकून होता आणि खुशालरावांच्या गल्लीत राहायचा.

"मावशी, पाटलाइनं इचारलं हाय. म्हने, बाईले दिसत नसन तं आमी दुसरं पाहू. कोन्या जाईबाईचं नाव घेऊन राहिले."

पुंजाजी कोपऱ्यात बसला होता. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली.

"त्याइले सांग," सुंदराबाई म्हणाली, "मी डाक्टरचं सर्टिफिकेट आनून देतो. छापील. शिक्क्याचं. डोये फस्किलास हायेत म्हनून. मंग पाह्यतो कोन खापर बोलते थे."

पुंजाजी पटकन उठला आणि पिशवीत धोतर भरायला लागला. त्याला कोणी चल म्हटलं नव्हतं.

दवाखान्यात पहिली अडचण खिडकीवरच आली. खिडकीतला माणूस भला होता, पण त्याच्याजवळ डोळ्यांच्या सर्टिफिकेटाचे तीनच प्रकार होते.

"मोटर चालवता?"

"बैलगाडीत बसून येतो."

"रेल्वेत आहात? पोलिसात?"

"मी मांडे करतो."

त्यानं सगळे कागद उलटून पाहिले. मांडे कुठंच नव्हते. शेवटी शेषरावनं मध्ये पडून तिला रेल्वेच्या कागदावर बसवलं, आणि धंद्याच्या रकान्यात 'अग्नीजवळील काम' लिहिलं. म्हणजे सुंदराबाई इंजिनात कोळसा टाकते असा त्याचा अर्थ झाला. तिला तो आवडला. मग वयाची पंचाईत. "मोठ्या पलेगात मी रांगत होती," ती म्हणाली. खिडकीतला माणूस म्हणाला, पलेग रकान्यात मावत नाही. तेव्हा त्यानं तिच्या तोंडाकडे पाहून अंदाजानं वय लिहिलं, ते जास्त लिहिलं म्हणून भांडण झालं, त्यानं कमी केलं, तेव्हा कुठं रांग पुढे सरकली.

दुसरी अडचण जास्त गंभीर होती. आत भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, तो वाचून दाखवावा लागतो, हे शेषरावनं आधीच सांगितलं होतं. दुसरी पास बाईला अक्षरांची काय भीती? पण ती दिसायला हवीत. म्हणून शेषरावनं तक्ता पाहून येऊन तिला अक्षरं सांगितली होती, आणि व्हरांड्यात बसून सुंदराबाईनं ती आरतीसारखी पाठ केली होती. पुंजाजी शेजारी बसून ऐकत होता आणि मान हलवत होता. होकाराची की नकाराची ते कळत नव्हतं.

आत डॉक्टर तरुण होता. तो म्हणाला, "बाई, वाचता येत नसेल तर चित्रांचा तक्ता आहे माझ्याकडे."

"मले वाचता येते!" सुंदराबाई ताडकन म्हणाली. "लावा कोनता लावाचा थो."

"लावलेलाच आहे. म्हणा."

सुंदराबाईनं ताठ मानेनं समोर पाहिलं. भिंतीवर पांढरं पांढरं काहीतरी होतं. तिनं सुरुवात केली. मोठी अक्षरं म्हटली, मधली म्हटली, शेवटच्या ओळीतली बारीक अक्षरंही एका दमात, न अडखळता, ताल धरून म्हटली. खोलीतली नर्स थक्क झाली. डॉक्टरनं टाळी वाजवायचीच बाकी ठेवली.

"एकही चूक नाही," तो म्हणाला. "पण बाई, तो माझा कोट आहे. तक्ता या भिंतीवर आहे."

सुंदराबाईनं हातानं चाचपत स्टूल जवळ ओढलं. ती स्टुलावर बसली. एवढ्या दिवसांची भांडणं, रुसवे, कांद्याचा रस, सगळं सोडून तिच्या तोंडून एकच गोष्ट निघाली, तीही हळू, लहान पोरीच्या आवाजात.

"माही माय आंधयी झाली होती, बाप्पा."

डॉक्टरचं हसू गेलं. त्यानं दिवा घेतला, डोळे उघडून आत पाहिलं, वर पाहा, खाली पाहा म्हणाला, पुन्हा पाहिलं. मग तिच्या नाकावर लोखंडी चौकट ठेवून त्यात काचा घालू लागला. एक काढली, दुसरी घातली. तिसरी घातल्यावर भिंतीवरच्या कोटाला गुंड्या फुटल्या.

"मोतीबिंदू नाही," तो म्हणाला. "डोळे आतून निरोगी आहेत. नंबर लागलाय, जवळचा आणि लांबचा. चष्मा लावा, झालं. एवढे दिवस आला का नाहीत?"

"आंधयी नाई होनार?"

"चष्मा लावला तर मुळीच नाही."

सुंदराबाई बाहेर आली ती सर्टिफिकेट मागायचं विसरूनच. व्हरांड्याच्या पायरीवर तिनं पुंजाजीला सांगितलं. तो ऐकता ऐकता खाली बसला, डोक्यावरची टोपी काढून त्या टोपीनंच तोंड पुसलं, आणि त्याच्या आयुष्यातलं दुसरं लांब भाषण त्याच्या तोंडून निसटलं.

"बरं झालं वो देवमनची माय. मले वाटे, तुह्या मायसारखं होते का काय. म्हनून तं बोललो खापरातून."

व्हरांड्यात रोगी कण्हत होते, कोणाचं पोर रडत होतं. सुंदराबाईला काही ऐकू येईना.

"तुमी?"

"बिडी पेटवाले चुलीपाशी गेल्तो. गंगूबाईच्या हातात खापर होतं. म्हने, भाऊजी, तुमाले काई बोलाचं हाय काय? मी घेतलं. मंग मागच्या दारानं गेलो."

"घरी काहून नाई सांगतलं मले?"

"घरी सांगतलं असतं, तं आयकलं असतं?"

सुंदराबाईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तर 'नाही' होतं, म्हणून तिनं ते मिटलं.

"अन् मले संध्याकायी जेवाले भेटलं असतं?" पुंजाजीनं विचारलं. यालाही उत्तर तेच होतं.

तिला राग आला नाही. म्हणजे आला, पण त्याला बसायला जागाच सापडली नाही. छातीवरचं एवढं मोठं ओझं नुकतंच उतरलं होतं, तिथं सगळीकडे मोकळं मोकळं झालं होतं. ती फक्त म्हणाली, "जळके मांडे खाल्ले एवढे दिवस?"

"हाव."

"अन् गोड हाय म्हनाचे?"

"पुरन गोड राहे न."

चष्मा मिळाला. ती अकोल्याला परतली. पण आता एक नवंच कोडं उभं राहिलं. ज्या बायांवर तिनं गल्लीगल्लीत आळ घेतला होता, त्यांच्याकडे जायचं तर खरं काय ते सांगावं लागणार. आणि खरं सांगावं, तर बायांच्या सभेत लुगड्याआडून बोलणारा बाप्या म्हणून पुंजाजीला नत्थुजीपासून न्हाव्यापर्यंत सारे चिडवणार. त्यानं एवढ्या वर्षांत एकदा तोंड उघडलं, ते तिच्या काळजीनं. ते साऱ्या गावाच्या तोंडी द्यायचं?

सुंदराबाई कधी कोणाच्या दारी समजूत काढायला गेली नव्हती. ती जाईबाईच्या दारी गेली. गंगूबाई आणि बाकीच्या तिथंच बसल्या होत्या, शेंगा फोडत. चष्मा घातलेली सुंदराबाई पाहून हात थांबले.

"खापरातून थे कोन बोललं, सापडलं मले," ती म्हणाली. "मीच बोलली होती."

जाईबाई म्हणाली, "तू? तू तं समोर पाटावर बसली होती."

"बसली होती. पन मन तं आत होतं न?"

कोपऱ्यातून फुर्रकन कोणीतरी हसलं. मग गंगूबाई, मग सगळ्या. शेंगांचं सूप उलटलं. सुंदराबाई खांबासारखी उभी.

"सुंदराबाई, कावून खोटं बोलून राहिल्या?" त्या दिवशी ओसरीत बसलेली एक डोळे पुसत म्हणाली. "भाऊजीचे जोडे दिसून राह्यले होते न पडद्याखालून! हे एवढाले!"

"कोनाले दिसले?"

"साऱ्याइले. तुमी सोडून."

सुंदराबाई हळूहळू खाली बसली. "मंग माह्या शिव्या कावून खाल्ल्या? नाव सांगून टाकाचं होतं."

जाईबाईनं एक शेंग फोडली. "बुढ्यानं एवढ्या सालात एकडाव तोंड उघडलं. त्याले उघडं पाडावं काय आमी? अन् जे आमाले सांगाचं होतं थेच त्यानं सांगतलं. आमची कोनाची हिंमत होती?" मग सूप सुंदराबाईकडे सरकवत ती म्हणाली, "बसली तं फोड शेंगा."

खुशालराव पाटलांच्या मांडवामागे चुली पेटल्या तेव्हा मधलं खापर सुंदराबाईचंच होतं. सर्टिफिकेट नाही तर नाही, पहिला मांडा आपण स्वतः पाहू, या अटीवर पाटील राजी झाले होते; ते येऊन पाठीमागे उभे राहिले, मिशीला हात लावून. चष्म्याच्या काड्या सुंदराबाईनं दोऱ्यानं अंबाड्याला बांधल्या होत्या. पहिला मांडा तिनं हातावर फिरवला, खापरावर टाकला, आणि फोड आले. एक एक फोड. सोन्याच्या मण्यासारखा. किती दिवसांनी पाहिले तिनं ते! मांडा उचलून तिनं परातीत ठेवला, पाटलांनी मान डोलावली आणि ते मंडपाकडे गेले.

पण चुलीपुढं चष्मा म्हणजे काय, हे डॉक्टरला कुठं माहीत असणार? पाचसहा मांडे झाले न झाले तो घाम आणि धूर मिळून काचांवर असं धुकं चढलं की खापर दिसेना, जाळ दिसेना. दोन्ही हात कणकेत. खापरावर मांडा पडलेला. वासावर उचलता आला असता. आजवर तसाच उचलला होता.

"जाई," सुंदराबाई म्हणाली. "पाह्य वं. झाला काय?"

रांगेतले सगळे हात थांबले. गंगूबाईचा वरवंटा थांबला.

जाईबाई वाकली. मध्ये पडदा नव्हता, तोंडापुढं काही नव्हतं. तिनं खापराकडे पाहिलं, मग सुंदराबाईच्या तोंडाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "कच्चा हाय."

सुंदराबाईनं तो अजून थोडा ठेवला. तोवर जाईबाईनं आपल्या पदराच्या टोकानं तिच्या काचा पुसल्या आणि चष्मा पुन्हा नाकावर बसवला. नजर स्वच्छ झाल्यावर सुंदराबाईनं पहिल्यांदा पाहिलं ते उजवीकडचं खापर.

"तुह्या मांड्याची कड जाड हाय वं."

"असन," जाईबाई म्हणाली, आणि पुढच्या मांड्याची कड तिनं पातळ केली.